नगराची आत्या

मोकळ्या जमिनीच्या कानात नाव सांगणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. जमिनीला कान असतो हेच मुळात मला मान्य नव्हतं; आत्यांना तो कुठे असतो हेसुद्धा ठाऊक होतं. "पूर्वेच्या कोपऱ्यात बघ, जरा खोलगट जागा असते," असं म्हणत त्या पदर खोचायच्या, गुडघ्यावर हात टेकून वाकायच्या, तोंडाशी तळहाताचा आडोसा करून "कुर्रर्र" म्हणायच्या आणि नाव सांगायच्या. मग तशाच वाकलेल्या राहायच्या. बारशाला नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत बुक्के पडायलाच हवेत, आणि इथे भोवती उभे असायचे ते बिल्डर, त्याचा भागीदार आणि पिवळ्या हेल्मेटमधला इंजिनियर. ते एकमेकांकडे बघत बसायचे. "मारा की," आत्या खालूनच म्हणायच्या, "कंबर भरून आली माझी. मारल्याशिवाय नाव लागू होत नाही." मग शेठ पुढे होऊन, इस्त्री तापली की नाही ते बघावं तसं दोन बोटं त्यांच्या पाठीला लावायचे. आत्या सरळ व्हायच्या आणि इंजिनियरला म्हणायच्या, "तू मार रे नीट. पायाभरणी तुला करायचीय."

आत्यांच्या भावाचा, म्हणजे दादांचा, डोंबिवली पूर्वेला छापखाना होता. बिल्डरांची माहितीपत्रकं तिथे छापली जात आणि त्या माहितीपत्रकांतली झाडं मी काढत असे. इमारत आर्किटेक्टची; झाडं, कारंजं, हातात फुगा धरलेली मुलगी आणि मागचं गुलाबी आकाश हे खातं माझ्याकडे. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात जी झाडं कधी लावलीच गेली नाहीत, त्यांतली बरीचशी माझ्या हातची आहेत. आत्या मला "झाडोबा" म्हणायच्या. त्या गल्ल्यापाशी बसून लग्नपत्रिकांना घड्या घालत. लग्न केलं नव्हतं. कॉलेजात संस्कृत घेतलं होतं. दोन्हींबद्दल विचारलं की म्हणायच्या, "एकाचं सुचलं नाही, दुसऱ्याचं पुढे काय करायचं ते कळलं नाही."

ते कळलं ते असं. एक शेठ घाईघाईने छापखान्यात आले. माहितीपत्रक तयार, फक्त संकुलाला नाव नव्हतं. भागीदाराला इंग्रजी हवं होतं, शेठच्या बायकोला देवाचं. आत्यांनी हातातली पत्रिका खाली ठेवली आणि विचारलं, "जागा पाहिलीय का मी?"

"मॅडम, जागा कशाला पाहायची? नाव द्यायचंय."

"बाळाचं तोंड बघितल्याशिवाय नाव कोण ठेवतं?"

आणि खरोखर रिक्षा करून त्या शहाडच्या पुढे नदीच्या अंगाला ती जागा बघायला गेल्या. मला बरोबर नेलं, कारण झाडं मला काढायची होती. रान माजलं होतं, तीन म्हशी चरत होत्या, पलीकडे उल्हास नदी दुपारच्या उन्हात झोपून गेली होती. आत्या एका दगडावर बसल्या आणि डोळे मिटून एकेक नाव हळूच तोंडात फिरवायला लागल्या, गोळी चघळावी तसं. बराच वेळ गेला. मी एक म्हैस काढून पूर्ण केली. शेवटी त्यांनी डोळे उघडून शेठना जे नाव सांगितलं ते आजही तिथल्या कमानीवर आहे. मी ते लिहीत नाही. राहणाऱ्यांना उगाच प्रश्न पडतील. त्यानंतर आत्यांकडे रीघ लागली. मानाची म्हणून एक साडी त्या घेत. आत्याला साडीच देतात.

त्यांची खरी मैफल दुपारची. जेवणं झालेली, यंत्र थांबलेलं, छपाईच्या खिळ्यांच्या जुन्या खणांवरून उन्हाचा पट्टा सरकत असायचा आणि आत्या हनुवटीखाली हात घेऊन एखाद्या शब्दाकडे बघत बसायच्या. शब्दाकडे बघणं म्हणजे काय हे मला त्यांच्याकडे पाहून कळलं. "गाव हा शब्द घे," त्या म्हणायच्या. "ग्राम. आधी त्याचा अर्थ जागा नव्हताच. माणसांचा जथा. गुरं-ढोरं, गाड्या, पोरंबाळं घेऊन चाललेली टोळी. ती जिथे थांबली त्या जमिनीला लोक मागाहून गाव म्हणायला लागले. म्हणजे बघ, गाव आधी चालत होतं." मग जरा थांबून, डोळे मिचकावून, "आणि असे दोन ग्राम समोरासमोर आले की त्याला काय म्हणायचे? संग्राम. आपल्या सोसायटीची सभा."

वाडी म्हणजे मुळात कुंपण घातलेली जागा. गावांच्या नावातलं पूर म्हणजे तटबंदी. शहर फारशीतून आलं आणि त्याचं आपल्या क्षत्र, म्हणजे राजसत्ता, या शब्दाशी जुनं नातं. म्हणजे तिथे आधी राजा, मग माणसं. इंग्रजांचं टाउनसुद्धा मुळात कुंपणच. हे सगळं त्या असं सांगायच्या की जणू नात्यातल्याच कुणाच्या जुन्या भानगडी सांगताहेत. एकदा एक शेठ घोडबंदर रोडवरच्या संकुलासाठी 'टाउन' मागायला आले. "काहीतरी इंटरनॅशनल टाइप द्या ना, आत्या. टाउन वगैरे." आत्या म्हणाल्या, "घ्या की. चारी बाजूंनी भिंत घालताय ना? मग अगदी बरोबर शब्द आहे." शेठ खूश होऊन गेले. आत्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी खोटं बोलले नाही हां."

पण नगर हा शब्द मागितला की त्या एकदम कंजूष व्हायच्या. 'नगर' त्यांनी फार थोड्यांना दिलं. "त्याचं मूळ कुणालाच धड माहीत नाही," त्या म्हणायच्या. "जुने वैयाकरण सांगतात, नग म्हणजे जो जागचा हलत नाही तो, डोंगर. डोंगराएवढी घरं असतात ते नगर. दुसरे म्हणतात, छे, शब्द दक्षिणेकडून आलाय. म्हणजे बघ, ज्याचं मूळ गाव ठाऊक नाही असा शब्द, आणि सगळ्या देशाने त्याला घरात घेतलं. असल्या शब्दाला गेट लावायचं?" एक स्थानिक जमीनमालक, आजोबांची मिठागरं होती त्यांची, स्वतःच बिल्डर झाले होते. ते म्हणाले, "आत्या, नाव असा दे का माझे आयेला पन सांगता येल." त्यांना आत्यांनी लगेच नगर दिलं. कारण त्यांच्या जागेतून गावदेवीला जायची पायवाट होती आणि ती त्यांनी नकाशात तशीच ठेवली होती.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आत्या राहायच्या ते पारिजात नगर. तीन मजली चार इमारती, लिफ्ट नाही, आणि भिंत तर कधीच नव्हती. चारही इमारतींच्या मधोमध एक फरसबंद वाट. एका टोकाला भाजी मंडईची गल्ली, दुसऱ्या टोकाला स्टेशनचा रस्ता. ती वाट सगळ्या डोंबिवलीची होती. शाळेची मुलं, कोथिंबिरीची पाटी घेतलेल्या मावशी, क्लासच्या मुली, पेपर वाचत चालणारे एक निवृत्त गृहस्थ, सगळे तिथून जायचे. आत्यांची खिडकी पहिल्या मजल्यावर, बरोबर त्या वाटेवर. सकाळी त्या खिडकीत चहा घेऊन बसत आणि खालून वाहणाऱ्या माणसांकडे, काठावर बसून नदी बघावी तशा बघत. एका सकाळी मीही शेजारी बसलो होतो. खालून पन्नासेक माणसं गेली असतील. आत्या त्यांतल्या फार तर चौघांना ओळखत असतील. "गावात प्रत्येकाला विचारतात, काय, कुठे चाललात," त्या म्हणाल्या. "इथे कुणी कुणाला विचारत नाही. आपल्या दारावरून एक अनोळखी माणूस आपल्याच तंद्रीत जातो, आणि आपण त्याला जाऊ देतो. माझ्या मते नगर म्हणजे एवढंच. व्याकरणात सापडायचं नाही हे."

मग पारिजात नगरला रीडेव्हलपमेंट आलं. इमारती खचल्या होत्या, ते बरोबरच होतं. चार इमारती पाडून एक उंच इमारत, प्रत्येकाला मोठं घर, लिफ्ट, खाली गाड्या. आणि भोवती भिंत, दोन टोकांना दोन गेटं. सगळ्यांनी संमती दिली. आत्यांनी दिली नाही. त्यांची अट एकच होती, वाट उघडी राहील. सोसायटीचे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले, सज्जन, आत्यांना आईसारखं मानणारे. सभा गच्चीवर भरली. माझा काही संबंध नव्हता, पण आत्यांनी मला "प्रेक्षक म्हणून ये" असं सांगून नेलं.

"आत्या, अहो सिक्युरिटीचा प्रश्न आहे," सेक्रेटरी म्हणाले. "कोणीही आत येतं."

"इतकी वर्षं कोणीही येतंय. काय नेलं तुमचं?"

"माझी सायकल नेली."

"ती तुमच्या मेहुण्याने नेली. सगळ्यांना माहितेय."

गच्चीवर हशा झाला. सेक्रेटरीही हसले, पण हसता हसता त्यांचा आवाज बदलला. "आत्या, एक तुमच्या सहीसाठी चाळीस घरं अडलीत. बिल्डर किती थांबेल? तो गेला तर दुसरा येणार नाही. मग त्या वाटेवर एक दिवस गॅलरीच पडेल कुणाच्या तरी डोक्यात." त्यावर कोणी हसलं नाही. आत्याही नाहीत. "वाट ठेवा, आत्ता सही करते," एवढंच त्या म्हणाल्या, आणि सभा संपली.

जिने उतरताना तिसऱ्या मजल्यावर सुलभाकाकूंचं दार उघडं होतं. सुलभाकाकू आत्यांची मैत्रीण; दोघी एकाच वर्षी इथे राहायला आलेल्या. गुडघे गेल्यापासून सुलभाकाकू खाली उतरल्याच नव्हत्या. त्या दारातल्या खुर्चीत बसल्या होत्या. गच्चीवरचं सगळं त्यांना ऐकू गेलं असणार. आत्या उंबऱ्यात टेकल्या. आतून कुकरचा वास येत होता.

"तुला वाटतं मी बोलू नये," सुलभाकाकू म्हणाल्या.

"बोल की."

"काही नाही गं. तुझ्या वाटेवरनं अख्खी डोंबिवली जाते. मीच तेवढी जात नाही."

त्यात राग नव्हता. असता तर आत्यांनी उत्तर दिलं असतं, उत्तरं त्यांच्याकडे पुष्कळ होती. त्या सुलभाकाकूंच्या साडीची निरी उगाचच सारखी करत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः सेक्रेटरींच्या घरी जाऊन सही केली. अट घातली नाही. सेक्रेटरी मोठ्या मनाने म्हणाले, "आत्या, नव्या इमारतीचं नाव तुम्हीच ठेवायचं. बारसं करू, सगळे येऊ पाठीत मारायला." आत्या म्हणाल्या, "तिचं नाव ठेवलेलं आहे. मोठ्या मुलीला परत पाळण्यात नाही घालत." शेवटी बिल्डरनेच 'पारिजात हाइट्स' असं ठेवलं. आत्या त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत, आणि शब्दावर शब्द न बोलणाऱ्या आत्या मला बघवल्या नाहीत.

बांधकाम होईपर्यंत त्या घोडबंदर रोडला भाच्याकडे राहिल्या. सतराव्या मजल्यावर. मी भेटायला गेलो तेव्हा गेटवर वॉचमनने मला थांबवलं, कुठे जायचं विचारलं, वर फोन लावला आणि मग सोडलं. आत्या गॅलरीत बसल्या होत्या. खाली गाड्यांच्या लाल दिव्यांची न हलणारी माळ, पलीकडे खाडीवर संध्याकाळ उतरत होती, डोंगर निळे होत होत आकाशात मिसळत होते. माझ्या माहितीपत्रकांतलं गुलाबी आकाश मी पहिल्यांदाच खरोखर पाहिलं. "छान आहे," आत्या म्हणाल्या. "स्वप्नात बसल्यासारखं वाटतं. पण स्वप्नात माणसांना तोंडं असतात रे. इथून दिसत नाहीत." मग एकदम माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुला खाली काय विचारलं त्याने?"

"विचारलं, कुठे जायचंय."

"आणि तू?"

"म्हटलं, आत्यांकडे."

"आणि मी काय म्हटलं?"

"म्हणालात, पाठवा."

"एवढंच," आत्या म्हणाल्या. आणि छापखान्यातल्या दुपारसारखी त्यांनी हनुवटीखाली हात घेतला. मला वाटलं, कुठला तरी शब्द बघताहेत.

पारिजात हाइट्स तयार झालं. सगळे परत आले. सुलभाकाकू लिफ्टने खाली आल्या त्या दिवशी आत्यांनी पेढे वाटले, हे मी विसरणार नाही. पण इमारतीच्या कडेने उरलेल्या वाटेच्या दोन्ही टोकांना गेटं होती आणि बाहेरची माणसं आता मोठ्या रस्त्याने वळसा घालून जात होती. पहिल्याच आठवड्यात आत्या सकाळी मंडईच्या गेटबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. कोथिंबिरीच्या मावशी पाटी घेऊन वळसा घालायला निघाल्या होत्या. आत्यांनी त्यांना हाक मारली.

"इकडून का जात नाहीस?"

"सोडत नाय आता. वाचमन इचारतो कुठं जायचं."

"मग सांग ना. सांग, आत्यांकडे जायचंय."

"तुमच्याकडं? मला तर टेसनला जायचंय."

"ते नंतर जा. आधी माझ्याकडे जायचंय. वाटेत माझं घर लागतं ना?"

आत्या वर गेल्या. इंटरकॉम वाजला. "पाठवा," आत्या म्हणाल्या. मावशी एका गेटने आत आल्या, खिडकीखालून जाताना त्यांनी वर बघितलं, आणि दुसऱ्या गेटने बाहेर पडल्या. महिनाभरात शाळेची मुलं, क्लासच्या मुली, पेपरवाले गृहस्थ, सगळे आत्यांकडे चालले होते. आत्यांनी खुर्ची उचलून इंटरकॉमशेजारी ठेवली. चहा तिथे, वर्तमानपत्र तिथे. वाजला की "पाठवा."

सेक्रेटरी वर आले, मी तिथेच होतो. "आत्या, एका सकाळी इतके पाहुणे?"

"भाचरं आहेत. आत्या म्हटलं की भाचरं असायचीच."

"पण एका गेटने येतात आणि लगेच दुसऱ्या गेटने जातात हो."

"हल्ली कुणाला बसायला वेळ आहे? चहासुद्धा घेत नाहीत मेले."

पाहुण्यांना बंदी घालणारा नियम कुठल्याच सोसायटीला करता येत नाही. जाताना ते दारात थांबून म्हणाले, "आमच्या हिच्या ओळखीची एक क्लासची मुलगी रोज वळसा घालून जाते. तिलाही सांगू का?" आत्या म्हणाल्या, "सांगा. माझीच भाची ती."

असं दोनेक वर्षं चाललं. मग एका दुपारी आत्या त्या खुर्चीतच गेल्या. झोपल्या आहेत असंच वाटलं सगळ्यांना. भाच्याने घर भाड्याने दिलं. नवीन जोडपं आलं, नागपूरकडचं, कडेवर लहान मूल. त्यांनी आत्यांना पाहिलेलंही नव्हतं. मी बरेच महिने तिकडे फिरकलो नाही. वळसा घालून जाणारी माणसं बघायची नव्हती मला.

परवा छापखान्याच्या दादांकडे जायचं होतं म्हणून गेलो. मंडईच्या गेटाशी वॉचमनही नवा होता. सुलभाकाकू खाली बाकावर काठी टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्याशी बोलणार तेवढ्यात माझ्या पुढे कोथिंबिरीच्या मावशी गेटाशी आल्या आणि अगदी सवयीने म्हणाल्या, "आत्यांकडं." वॉचमनने बटण दाबलं, काहीतरी ऐकलं, मावशी आत गेल्या. मी सुलभाकाकूंकडे पाहिलं. त्या समोर बघत म्हणाल्या, "वरच्या नव्या पोरीला मी जाऊन सांगून आले. म्हटलं, घर घेतलंस तर हे पण घ्यावं लागेल. लिफ्टने गेले आणि लिफ्टने आले."

वॉचमन माझ्याकडे वळला. "आपको कहाँ जाना है?"

मला दादांकडे जायचं होतं, आणि ते दोन गल्ल्या पलीकडे राहतात. मी म्हणालो, "आत्यांकडे."

त्याने बटण दाबलं. इंटरकॉमवर वरचा मिक्सर ऐकू येत होता, मूल रडत होतं. मग सगळं बंद झालं आणि एका मुलीचा, मी कधीही न ऐकलेला, दमलेला आणि गोड आवाज आला.

"हो, घरीच आहेत. पाठवा."